अडलेलं बदक

मंडळी, मागच्या खेपेस वाडीतल्या बदकांविषयी दोन ओळी लिहिल्या, तेव्हा नाशिकच्या भाचीने दोन प्रश्न विचारले. बदकाचं अंडं पोटात अडकलं तर करायचं काय? आणि पूर्वी आपल्याकडे लोक काय करत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं. दुसऱ्याने मात्र मला महिनाभर पुस्तकांत गुंतवून ठेवलं. सेवानिवृत्त बाईंना असा प्रश्न मिळणं म्हणजे पर्वणीच, त्यामुळे तक्रार नाही. फक्त लेख लांबला आहे, तो चहा घेऊन वाचावा.

आधी शब्दापासून सुरुवात करते. आपल्याकडे बाई अडते, गाय अडते, म्हैस अडते. मग कोणी जाणता येऊन तिला सोडवतो आणि ती मोकळी होते. वेताच्या वेळी आतला भाग बाहेर आला तर गोठ्यातली माणसं 'मायांग बाहेर आलं' म्हणतात. भाषेने गुरांच्या बाळंतपणाला इतके शब्द दिले, कारण गाय अडली की घर अडायचं. पण 'बदक अडलं' असं म्हणताना मी उभ्या हयातीत कोणाला ऐकलं नव्हतं. बदक नुसतं 'बसून राहायचं'. दुसऱ्या दिवशी ते मरायचं, किंवा त्याआधीच त्याचा रस्सा व्हायचा. दुखण्याला नाव नाही म्हणजे त्यावर इलाजही नाही, हे ओघानेच आलं.

आपल्या देशात प्राण्यांचे वैद्य नव्हते असं मुळीच नाही. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' ही नावं वर्गात मी कितीदा घेतली असतील. पक्ष्यांपैकी ससाण्याचं नशीब मोठं. कुमाऊंच्या राजा रुद्रदेवाच्या नावावर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात शिकारी ससाणे-बहिरी पाळायचे कसे, त्यांना काय खाऊ घालायचं आणि आजारी पडले तर औषध कोणतं, हे सगळं सांगितलं आहे. आता ही यादी नीट पाहा. लढाईचा घोडा, लढाईचा हत्ती, राजाच्या मनगटावरचा ससाणा. जो कामाचा आणि महाग, त्याला वैद्य.

ह्या यादीच्या बाहेर पाहणारा एक राजा होऊन गेला आणि त्याची खूण आपल्याच जिल्ह्यात सापडली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आपल्याला हवा तो दुसरा लेख मात्र इथे सापडलेला नाही. तो वाचायला गिरनारला जावं लागतं. त्यात अशोक सांगतो की माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा मी सुरू केली आहे, आणि जिथे औषधी वनस्पती नाहीत तिथे त्या आणवून लावल्या आहेत.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा पाचवा स्तंभलेख. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर त्याने मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच कोरवली. त्यात पोपट आहे, साळुंकी आहे, हंस आहे आणि चक्रवाकही आहे. चक्रवाक म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा येणारं ते केशरी रंगाचं बदक. त्याच लेखात पुढे असंही आहे की गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये, आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारू नयेत. गर्भारपणाचा एवढा स्पष्ट विचार इतक्या जुन्या राजाज्ञेत पाहून मी थक्क झाले. पण अंडं धरलेल्या पक्षिणीचा विचार तिथेही नाही. पोट दिसतं त्या जनावराचीच दया येते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे म्हणा.

पक्ष्यांचा खरा दवाखाना भेटतो तो खंबायतला. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली तिथे होता. त्या काळी आपलं केळवे-माहीम पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं (ते चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत सुटलं). ह्या प्रवाशाने आजारी आणि लंगड्या पक्ष्यांसाठी चालवलेलं एक घर पाहिलं. बरे झालेले रानपक्षी सोडून देत आणि माणसाळलेले पक्षी कोणा धार्मिक माणसाच्या हवाली करत. तिथेच त्याला नाकावर चष्मा लावलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला. तो कापसात ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिल्लांना पिसाने दूध पाजत होता. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हा म्हातारा असायला हवा होता. आम्ही मुलांना लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या आणि त्याच्यासाठी जागा उरली नाही.

मुंबईला पांजरपोळ निघाला १८३४ मध्ये. त्याआधी १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. पण पांजरपोळ म्हणजे मुख्यतः आसरा. जनावराला तिथे मरेपर्यंत चारा मिळे. औषधोपचार हे त्याचं मूळ काम नव्हे.

पशुवैद्यकाची शाळा ही युरोपची देणगी. पहिली फ्रान्समधल्या लिआँला १७६२ मध्ये भरली, लंडनची १७९१ मध्ये, आणि आपली परळची २ ऑगस्ट १८८६ ला. परळचं कॉलेज ज्या आवारात सुरू झालं तिथे जनावरांचं इस्पितळ होतं. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने दिलेलं हे बाई साकरबाई इस्पितळ आजही तिथेच चालू आहे. कॉलेजचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील. ह्या गृहस्थांनी बैलाच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, हत्तीच्या लिहिलं, उंटाच्या लिहिलं, मेंढीच्याही लिहिलं, आणि १८९१ मध्ये ते वारलेसुद्धा! केवढा उरक म्हणायचा. पण पुन्हा यादी तीच पाहा. ओझं ओढणारा, तोफा वाहणारा, लोकर देणारा. मुंबईत तेव्हा घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या, त्यामुळे इस्पितळाला घोड्यांची वाण नसणार. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली (ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली), तिच्यासमोरचा मोठा प्रश्नही गुरांच्या साथींचाच होता.

म्हणजे दोन हजार वर्षांत बदकाचा नंबर काही लागला नाही. औषधापेक्षा बदक स्वस्त, हे त्याचं सरळ कारण.

आता गोष्टीची दुसरी बाजू, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. रानातलं बदक सहसा अडत नाही. आपल्या बहुतेक पाळीव बदकांचं मूळ असलेलं मॅलार्ड हे रानबदक एका विणीला ८ ते १३ अंडी घालतं, ती उबवतं आणि मग वर्षभर त्या भानगडीत पडत नाही. पहिली वीण नासली तर फार तर पुन्हा घालतं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात युली नावाचं गाव आहे. तिथल्या ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंकडे एक इंडियन रनर जातीची मादी होती. (नाव इंडियन, पण जात जावा-बाली-लोंबोककडची. नावावर जाऊ नये.) ही मादी १९६ दिवसांत १८२ अंडी घालायची. बाईंनी तिचा रूआं जातीच्या नराशी आणि पुढे मॅलार्डशी संकर केला आणि १८९८ च्या सुमारास नवी जात लोकांपुढे आणली. पुढची पिढी मातकट रंगाची निघाली. ते बोअर युद्धाचे दिवस होते आणि सैनिकांचे गणवेश खाकी होते, म्हणून ही झाली 'खाकी कॅम्पबेल'. शब्द आपल्याच मुलखातून तिकडे गेलेला, बदक तिकडून इकडे आलं.

नीट जोपासलेली खाकी कॅम्पबेल वर्षाला ३०० अंडी देऊ शकते. मी कागदावर हिशोब मांडला. बदकाचं अंडं साधारण ७० ग्रॅमचं. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं कवच धरलं तर ७ ग्रॅम. तीनशे अंड्यांची कवचं झाली २१०० ग्रॅम, आणि मादीचं वजन असतं साधारण दोन किलो! म्हणजे ती वर्षाला स्वतःच्या वजनाएवढा चुना अंगातून काढून देते. तो येतो कुठून? खाण्यातून, आणि खाण्यात कमी पडला की हाडांतून. ज्या स्नायूंनी अंडं पुढे ढकलायचं त्यांनाही हेच कॅल्शियम लागतं. ते सरलं की कवच मऊ होतं, स्नायू लुळे पडतात आणि अंडं वाटेत थांबतं. तेव्हा अंडं अडकणं हा निव्वळ निसर्गाचा कोप नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी माणसाने वहीत आकडे मांडून बदकाच्या अंगात जे घातलं, त्याचाही तो परिणाम आहे. कॅम्पबेलबाईंना मी दोष देत नाही. स्वस्त अंडं मिळणं ही गरिबाच्या घरी लहान गोष्ट नव्हती.

आता केळव्याकडे येते. इथे पानमळे, केळी, नारळी-पोफळी. पाटाच्या पाण्याने सगळीकडे ओल, आणि ओल म्हटली की गोगलगायी. बदकं त्या आवडीने खातात, म्हणून वाडीत चार बदकं असणं सोयीचं. शिवाय हल्ली पर्यटक येतात. त्यांच्या मुलांना दाखवायला काही जण हौदात बदकं सोडतात आणि उरलेला भात टाकतात. मला ही तऱ्हा पसंत नाही. भात आणि कोंडा यांवर अंड्याचं कवच तयार होत नाही. समुद्रावर शिंपल्यांचा खच पडलेला असताना त्या कुटून वाटीत ठेवायला काय जातं? (विड्याचा चुना मात्र देऊ नये, तो तोंड पोळतो.)

आमच्या वाडीतली सोनी दोन वर्षांपूर्वी माघात अशीच अडली. दिवस मोठा होऊ लागला की बदकांची अंडी वाढतात, त्या सुमारास. सकाळी ती बाकीच्यांबरोबर पाटावर गेली नाही. पाय फाकवून, अंग ताठ उभं धरून चालत होती, शेपटी वर-खाली हलवत होती, कण्हल्यासारखा आवाज काढत होती. नातीने पोटाखाली हात लावून पाहिला तर टणक गोळा. एका दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडून हसून उत्तर आलं की बाई, बदकाच्या किमतीपेक्षा इंजेक्शन महाग पडेल, दुसरं आणा. दोन हजार वर्षांचा इतिहास एका वाक्यात! आमचे हे शेजारी उभे होते, ते म्हणाले, ह्याच्याशी वाद घालत बसू नकोस, दुसरा नंबर लाव.

दुसऱ्या फोनवर एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी जे सांगितलं तेच भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बदकाला वेगळं, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. घमेल्यात कोमट पाणी घ्या, आपल्या हाताला सुखावेल इतपतच गरम, आणि त्यात तिला वीस-पंचवीस मिनिटं बसवा. मग पुसून कोरडी करा. अंडी घालायच्या जागेभोवती बोटाने थोडं खोबरेल लावा. पोट दाबू नका आणि अंडं ओढू तर मुळीच नका. ते आत फुटलं तर पोटात पू होऊन पक्षी दगावतो. गायी-म्हशींना टोचतात ते पान्ह्याचं इंजेक्शन कोणी अंदाजाने देऊ लागला तर हात धरा. वाट मोकळी नसताना कळा वाढवल्या तर अवयव फाटतो. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही, किंवा बदक धापा टाकू लागलं, मान टाकू लागलं, तर तासही न मोजता गाठायचं. आम्ही दुपारी तिला टोपलीत घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कॅल्शियम टोचलं. संध्याकाळी उशिरा अंडं आलं. त्याला कवच असं नव्हतंच, ओल्या चामड्यासारखं लिबलिबीत होतं. सोनी रात्रभर झोपली आणि सकाळी पाण्यावर गेली.

मायांग बाहेर येणं हे त्याहून भयंकर दिसतं. लाल गोळा बाहेर लोंबतो आणि बाकीची बदकं त्याला टोचतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे तिला कळपातून बाजूला काढणं. मग स्वच्छ मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि ओलं ठेवायचं. सूज असेल तर साखरेचं दाट पाणी लावायचं, साखर सूज ओढून घेते. कोरडं पडलं की तो भाग मरतो. डॉक्टरकडे जाईपर्यंत ओला स्वच्छ कपडा हवा. घरच्या घरी जोर लावून आत ढकलू नये.

आणि हे फक्त मादीचंच दुखणं नाही. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना नसलेलं बाह्य इंद्रिय बदकाच्या नराला असतं आणि तेही कधी बाहेर येऊन परत जात नाही. उपाय तोच, धुणं, ओलं ठेवणं, वेगळं करणं आणि डॉक्टर. वेळ गेली तर ते कापावं लागतं, पण लघवीशी त्याचा संबंध नसल्याने नर पुढे सुखाने जगतो. (शाळेत हे शिकवायची वेळ आली नाही हे बरं, मागच्या बाकांनी वर्ग डोक्यावर घेतला असता.) नर जास्त झाले की माद्यांचे हाल होतात, म्हणून एका नरामागे चार-सहा माद्या तरी असाव्यात.

तरुण डॉक्टरांना मी विचारलं, तुम्हाला हे कॉलेजात शिकवलं का? ते म्हणाले, बाई, कॉलेजात कोंबडी शिकलो, पण हजारांच्या हिशोबात. हे मला फार नेमकं वाटलं. आपल्याकडे कोंबडीचा उद्योग वाढला तो १९७० नंतर, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समिती झाली. ह्या शास्त्राने मानमोडीवर लस पोचवली, अंडं झोपडीपर्यंत नेलं. पण त्यात रोगी असतो तो कळप. अडलेली एक कोंबडी म्हणजे बाजूला काढायचा आकडा. कधी तसाच विचार करावा लागतो, हेही खरं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा तिथल्या कोंबड्या सरसकट मारण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून सांगते, एकाच वेळी दोन-चार बदकं पटापट मेली तर ते अंडं अडकणं नव्हे. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावं.

एकेका पक्ष्याला रोगी मानणारं शास्त्र तसं अगदी अलीकडचं. अमेरिकेत पक्षिवैद्यांची स्वतंत्र संघटना झाली १९८० मध्ये. त्यांचे पहिले रोगी पिंजऱ्यातले पोपट. त्यांच्यासाठी शोधलेले उपाय हळूहळू बदकांपर्यंत आले. आता एक्स-रे काढून अंडं कुठे थांबलं ते पाहतात, भूल देऊन ते सोडवतात, आणि वारंवार अडणाऱ्या मादीच्या कातडीखाली औषधाची बारीक कांडी बसवून काही महिने अंडी थांबवतात. रात्री दिवा न लावणं हा त्यातलाच घरगुती उपाय. उजेड लांबला की बदकाच्या शरीराला वसंत आला असं वाटतं.

केळव्याहून हे सगळं तितकंसं जवळ नाही. पण २०१३ पासून डहाणूची लोकल धावते, त्यामुळे केळवे रोडहून निघून परळचं साकरबाई इस्पितळ एका दिवसात गाठून परत येता येतं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं लहान प्राण्यांचं इस्पितळ सुरू झालं. पण बदक न्यायचं तर आधी फोन करून पक्षी पाहणारे डॉक्टर आहेत का ते विचारावं. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२. आणि डहाणूला तर जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्रच आहे. आपल्याच किनाऱ्यावर कासवाला सलाइन लागतं, हे खंबायतच्या त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं.

भाचीसाठी शेवटची सूचना. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलीस तरी त्यांचा पहिला प्रश्न असेल, शेवटचं अंडं कधी घातलं? तेव्हा 'असेल दोन-चार दिवसांपूर्वी' असं सांगू नकोस. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशोबाच्या खाली नात रोज निळ्या पेनने लहानसा गोल काढते. कवच पातळ असेल तर गोल अर्धाच. मागच्या महिन्यात सोनीचे एकोणीस गोल होते, त्यातले दोन अर्धे, म्हणून शिंपल्यांची वाटी आता दुपारीही भरतो.